कॉक्लियर इम्प्लांटच्या रिसर्चमध्ये जायचंय, ऑडिओलॉजी करू की सिग्नल प्रोसेसिंग? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

ई अँड टीसी करून हिंजवडीत एम्बेडेडचं काम करतेय. काम वाईट नाहीये, पण जन्मभर गाडीच्या डॅशबोर्डचे दिवे लावत बसायचं नाही हे नक्की. मावसबहिणीच्या मुलाला इम्प्लांट (आतल्या कानात इलेक्ट्रोड घालून ऐकण्याच्या नसेला थेट करंट देणारं यंत्र) बसवलं, त्याच्या मॅपिंगला (कुठल्या इलेक्ट्रोडला किती करंट द्यायचा ते ठरवायला) सोबत गेले आणि तेव्हापासून वाचतच सुटलेय.

म्हणजे बघा ना, कानात आवाज टिपणाऱ्या तीन-साडेतीन हजार आतल्या केसपेशी, मेंदूकडे जाणारे तीसेक हजार तंतू, आणि त्यांच्या जागी आपण देतो काय तर कंपनीप्रमाणे 12 ते 22 इलेक्ट्रोड, त्यातही करंट आतल्या द्रवात पसरतो त्यामुळे शेजारचे इलेक्ट्रोड एकमेकांत मिसळतात आणि उपयोग होतो साधारण आठेक चॅनेलचाच. तरी पोरगं आजीशी फोनवर गप्पा मारतं! 1991 मध्ये ब्लेक विल्सन वगैरेंनी सगळे इलेक्ट्रोड एकदम न चालवता पाळीपाळीने चालवायची पद्धत आणली, त्यानंतर बोलणं समजण्यात खूपच फरक पडला म्हणतात. पण गणपतीत लक्ष्मी रोडवर किंवा गाणं लागलं की सगळं अडतं, पिच (स्वराची उंची) नीट पोचतच नाही. मला नेमकं तिथेच काम करायचंय.

आता घोळ असा की एकजण म्हणतो बीएएसएलपीशिवाय (ऑडिओलॉजी आणि वाचा-उपचाराची पदवी) या लाईनीत कोणी उभं करत नाही, आणि ते इंटर्नशिप धरून चार वर्षं, बारावीनंतरच्या मुलांबरोबर! दुसरा म्हणतो एमटेक कर, मग पीएचडी. म्हैसूरचं आयिश आणि मुंबईचं अली यावर जंग या श्रवण-वाचेच्या संस्था माहितीयेत, पण इंजिनिअरला तिथे काय करता येईल? पगार अर्धा होणार हे आई रोज ऐकवतेच, ते सोडा.

अजून एक, मराठीवर कोणी काम करतंय का? भाचा 'कार' आणि 'खार'मध्ये हमखास अडकतो.

कर्णफूल: ऑडिओलॉजिस्ट आहे, पुण्यातच. ताई, पेशंटचं मॅपिंग स्वतः करायचं असेल तरच बीएएसएलपी, त्याला आरसीआयचं (भारतीय पुनर्वास परिषदेचं) रजिस्ट्रेशन लागतं. रिसर्चला नको. पण परवानगी काढून मॅपिंगला बसत जा, एकदा नाही, वारंवार. प्रत्येक इलेक्ट्रोडला किती करंटला आवाज जाणवायला लागतो आणि किती झाला की त्रास होतो हे ठरवायचं असतं आणि दोन वर्षांचं पोर काही 'आता बास' म्हणत नाही, डोळे मिचकावतं नाहीतर आईला चिकटतं. हे न बघता अल्गोरिदम लिहिणारे भेटलेत आम्हाला, असो.

बॅंडपास: आधी पायथनमध्ये व्होकोडर (आवाज थोड्याच वारंवारता-पट्ट्यांत, म्हणजे बँडमध्ये, मोडून इम्प्लांटसारखा ऐकवणारा प्रोग्राम) लिही. 1995 मध्ये शॅनन मंडळींनी दाखवलं की नुसत्या चार बँडमध्येही शांत खोलीत बोलणं बऱ्यापैकी कळतं. तेच मराठीत कर, 4, 8, 16 बँड, 'कार-खार'सारख्या जोड्या घे आणि मित्रांना ऐकव. जर्मनीत ओल्डनबर्गला हिअरिंग टेक्नॉलॉजीचं मास्टर्स आहे, त्यांचं ओपनएमएचए हे श्रवणयंत्राचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, तेही चाळ. प्रोफेसरना मेल करताना हे रिझल्ट जोड, नुसत्या 'रिस्पेक्टेड सर'ला कोणी उत्तर देत नाही.

धागाकर्ती: दोघांचेही खूप आभार! व्होकोडरला माझाच आवाज चालेल का?

बॅंडपास: चालेल, पण एखाद्या पुरुषाचाही घे. पिचवरच काम करायचंय ना तुला?