लेव्होडोपा लवकर सुरू केली तर पुढे गोळी चालत नाही, हे खरं आहे का?

शेवंती
नमस्कार. बाबांना (वय 66) पार्किन्सन्स आहे, निदान होऊन आठ महिने झाले. उजवा हात थरथरतो, पण त्याहून जास्त त्रास सगळं मंदावल्याचा आहे. सकाळी शर्टाची बटणं लावायला बसतात, तिसऱ्या बटणाला बोटं अडतात, मी पुढे झाले की चिडतात, आणि सही तर ओळीच्या शेवटी शेवटी मुंगीएवढी होते. डॉक्टरांनी लेव्होडोपा-कार्बिडोपा ही पार्किन्सन्सवरची गोळी लिहून दिलीय पण पाकीट तसंच पडलंय, कारण कुणीतरी सांगितलंय की ही गोळी पाचच वर्षं चालते आणि मग अंग वेडंवाकडं हलायला लागतं. म्हणून म्हणतात, "अगदीच वाईट होईल तेव्हासाठी राहू दे." मीही इतके दिवस हो ला हो केलं, आता रात्री झोप लागत नाही की आपलंच चुकतंय का. यावर खरंच अभ्यास झालाय का? आणि व्यायामाने गोळी टळते का? को-एन्झाइम क्यू10 नावाचं पूरक पण सुचवलंय एकाने.

नीलमोहर
शेवंतीताई, स्वतःला दोष देऊ नका, एकेकाळी डॉक्टरांमध्येही हीच भीती होती. प्रयोगशाळेत पेशींवर लेव्होडोपा टाकली तेव्हा ती विषारी वाटली होती, म्हणून तर माणसांवर नीट चाचण्या घेतल्या गेल्या. 2004 मध्ये एल्डोपा चाचणी छापून आली. 361 रुग्ण, सगळे सुरुवातीच्या टप्प्यातले, 40 आठवडे कुणाला गोळी तर कुणाला तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी, आणि शेवटी दोन आठवडे सगळ्यांचंच बंद करून तपासलं. विष असतं तर लेव्होडोपावाले मागे पडायला हवे होते, पण जास्त खालावले ते औषध न मिळालेले. दिवसाला 600 मिलिग्रॅम घेणाऱ्यांमध्ये अंग आपोआप हलणं मात्र जास्त दिसलं, ते मी लपवणार नाही, डोस महत्त्वाचा आहेच. त्यात मेंदूच्या स्कॅनने नेमका उलटा कौल दिला, त्यामुळे वाद काही मिटला नाही.

मग 2019 मध्ये नेदरलँड्सची लीप चाचणी आली. 445 जण, निम्म्यांना लगेच दिवसाला 300 मिलिग्रॅम, बाकीच्यांना 40 आठवडे थांबवून मग तेवढीच. 80 आठवड्यांनी दोन्ही गट सारखेच निघाले. म्हणजे लवकर घेतल्याने आजार थोपला नाही पण बिघडलाही नाही, आणि अंग हलण्याचं प्रमाणही तितकंच. फरक पडला तो मधल्या काळात, लगेच सुरू केलेल्यांचे ते महिने जास्त चांगले गेले.

मला सगळ्यात पटलेला अभ्यास घानाचा आहे, 2014 चा. तिथल्या रुग्णांना गोळी उशिरा मिळायची, हौसेने नाही, नाइलाजाने, आजार सुरू झाल्यावर सरासरी 4 वर्षांनी. त्यांची तुलना इटलीतल्या रुग्णांशी केली, ज्यांना दोन-अडीच वर्षांत मिळत होती. थांबल्याचा काही फायदा दिसला का? नाही. आजार सुरू झाल्यापासून मोजलं तर अंग हलणं आणि गोळीचा असर मध्येच उतरणं हे त्रास दोन्हीकडे साधारण सारख्याच काळाने सुरू झाले. आजार किती जुना आणि रोजचा डोस किती, यावर ते ठरत होतं, गोळी किती वर्षं घेतली यावर नाही. कारण सुरुवातीला मेंदूतल्या उरलेल्या पेशी डोपामिन (हालचालींसाठी लागणारं रसायन, जे लेव्होडोपापासून बनतं) साठवून ठेवतात आणि हळूहळू वापरतात, त्या कमी होत गेल्या की साठाच राहत नाही, मग प्रत्येक गोळीचा चढउतार अंगावर दिसायला लागतो.

पन्नाशीच्या आतल्यांमध्ये अंग हलण्याचा धोका जास्त असतो, तिथे डॉक्टर कधीकधी दुसऱ्या औषधाने सुरुवात करतात. 66 व्या वर्षी तसं करायचं कारण सहसा नसतं. क्यू10 चं म्हणाल तर 600 रुग्णांवर 1200 आणि 2400 मिलिग्रॅम देऊन पाहिलं आणि फायद्याची आशा दिसेना म्हणून चाचणी मध्येच थांबवली. क्रिएटिन या दुसऱ्या पूरकाचंही तेच, तिथे तर 1741 रुग्ण होते. त्यावर पैसे घालवू नका.

उंबरठा
मी स्वतः रुग्ण आहे, 11 वं वर्ष चालू आहे. मीही दीड वर्ष गोळी "साठवली" होती आणि त्या दीड वर्षात लिहिणं सोडलं, लोकांत जाणं सोडलं, खांदा आखडला तो आजही पूर्ण सुटलेला नाही. ते दिवस काही परत मिळाले नाहीत. आता गोळीचा असर संपत आला की मला दारात कळतं, खोलीतून बाहेर पडताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, मग मी फरशीची रेघ बघतो आणि ती ओलांडायची असं मनात धरतो, की पाऊल सुटतं. पाच वर्षांनी गोळी बंद पडली वगैरे काही झालं नाही, वेळा जवळ आल्या आणि डोस बदलले एवढंच. हो, अंग हलतं कधीकधी. पण अडकून बसण्यापेक्षा मला ते परवडतं. बाबांना म्हणावं, हे सांगणारा अजून रोज चालायला जातो.

फिजिओ_मनापासून
व्यायामाबद्दल मी सांगते. गोळीऐवजी नाही, गोळीच्या जोडीने. 2018 च्या एका चाचणीत 128 जण होते, सगळे अजून औषध सुरू न केलेले, म्हणजे अगदी तुमच्या बाबांसारखे. सहा महिने ट्रेडमिल, आठवड्यातून 4 दिवस ठरलं होतं. ज्यांनी नाडी कमाल वेगाच्या 80 ते 85 टक्क्यांपर्यंत नेली त्यांच्यात लक्षणं जवळपास जिथल्या तिथे राहिली, काहीच न करणाऱ्यांची वाढली. 2019 मध्ये नेदरलँड्समध्ये घरच्या सायकलवरही असाच फरक दिसला, पण सहाच महिन्यांचा हिशोब आहे दोन्हीकडे, त्यावरून आजार थांबतो असं मी कुणालाच सांगत नाही. तोल जात असेल तर ताई ची, म्हणजे संथ हालचालींचा चिनी व्यायाम, चांगलं, 195 जणांच्या चाचणीत पडण्याचं प्रमाण कमी झालं होतं. एवढ्या जोराचा व्यायाम हृदय तपासल्याशिवाय मात्र नको. आणि शर्ट स्वतःच घालू द्या हो, वेळ लागला तरी.

शेवंती
खूप आभार सगळ्यांचे. उंबरठा, तुमचं लिहिलेलं बाबांना वाचून दाखवलं, काही बोलले नाहीत पण पाकीट मागून घेतलं आणि उलटसुलट करून बघत बसले. एकच विचारते, मळमळ होते म्हणतात ते खरं का?

नीलमोहर
सुरुवातीला होऊ शकते, म्हणून डोस हळूहळू वाढवतात आणि पहिले काही दिवस खाण्याबरोबर घेतली तरी चालतं. पुढे जेवणाआधी अर्धा तास घेतलेली बरी, कारण जेवणातली प्रथिनं आणि लेव्होडोपा शरीरात शिरायला एकच वाट वापरतात. मळमळीवर स्वतःच्या मनाने मेटोक्लोप्रमाइड अजिबात देऊ नका, त्याने पार्किन्सन्सची लक्षणं वाढतात, डॉक्टरांनाच विचारा. आणि एकदा सुरू केली की अचानक बंद नाही करायची, कमी करायची असेल तरी डॉक्टरांना सांगूनच.