तांब्याच्या प्लाझ्माचे तापमान : अतिनील रेषा मिळवल्या की उत्तर का बिघडते?

पदव्युत्तर_मुंबई :
नमस्कार. मी मुंबईत एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी एनडी-यॅग लेझरचे १०६४ नॅनोमीटरचे, काही नॅनोसेकंद टिकणारे स्पंद तांब्याच्या पत्र्यावर उघड्या हवेतच एकवटते, आणि ठिणगीचा, म्हणजे तापून आयनित झालेल्या वायूचा (प्लाझ्माचा), प्रकाश फायबरमधून स्पेक्ट्रोमीटरमध्ये घेऊन बोल्ट्झमन आलेखाच्या (वर्णपटातल्या रेषांची तीव्रता त्यांच्या वरच्या पातळीच्या ऊर्जेसमोर लॉगरिथममध्ये मांडलेला आलेख; उतार जितका सपाट तितके तापमान जास्त) उतारावरून तापमान काढते. ५१०.५५, ५१५.३२ आणि ५२१.८२ नॅनोमीटर या हिरव्या रेषांवरून ते ९,००० केल्विनच्या आसपास येते, मात्र ३२४.७५ आणि ३२७.४० या ठळक अतिनील रेषा मिळवल्या की तेच १५,००० च्या पुढे जाते. बिंदू वाढल्यावर उत्तर सुधारायला हवे ना? शिवाय इलेक्ट्रॉन घनतेसाठी लँगम्यूर प्रोब (प्लाझ्मात घालून विद्युतप्रवाह मोजायची तार) लावावा का?

वर्णपट :
आपण मिळवलेल्या दोन्ही अतिनील रेषा तांब्याच्या अणूच्या मूळ, म्हणजे सर्वांत कमी ऊर्जेच्या, पातळीवर येऊन संपतात, आणि ठिणगीच्या थंड कडेला मूळ पातळीतले अणू इतके दाटलेले असतात की गाभ्यातून निघालेला हा प्रकाश बाहेर पडण्याआधीच ते गिळतात. यालाच स्वशोषण म्हणतात. आलेखाच्या कमी ऊर्जेच्या टोकाचे बिंदू त्यामुळे खाली सरकतात, उतार सपाट होतो आणि तापमान फुगते.

पडताळा तुमच्याच नोंदींत आहे. ३२४.७५ आणि ५१०.५५ या दोन्ही रेषा एकाच वरच्या पातळीतून, ३.८२ इलेक्ट्रॉन-व्होल्टवरून, निघतात. म्हणून त्यांच्या फोटॉनसंख्येचे गुणोत्तर तापमान काहीही असले तरी सुमारे ७० च यायला हवे; बरेच कमी आले तर अतिनील रेषेचे स्वशोषण झाले असे समजावे. मात्र त्याआधी फायबर अतिनील प्रकाश जाऊ देणारे आहे का, आणि उपकरणाची संवेदनशीलता ड्युटेरियमच्या दिव्याने तपासली आहे का, हे पाहावे, कारण नेहमीचा हॅलोजन दिवा त्या भागात फारच मंद असतो.

एक कटू गोष्ट: तुमच्या तीन हिरव्या रेषा म्हणजे खरे तर दोनच बिंदू आहेत. ५१५.३२ आणि ५२१.८२ यांच्या वरच्या पातळ्या दोन्ही ६.१९ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या जवळपास असल्यामुळे रेषा सरळ दिसली तरी तिच्यावर फार भिस्त ठेवू नये. ४६५.११ ची रेषा दिसत असेल तर ती घ्यावी. तिची वरची पातळी ७.७४ वर आहे.

निर्वात :
प्रोबच्या फंदात पडू नये. वातावरणीय दाबात टकरा इतक्या होतात की प्रोबभोवती जमणाऱ्या विद्युतभारित आवरणाचा नेहमीचा सिद्धांत लागूच पडत नाही. प्रोब शोभतो तो निर्वात कक्षात, पत्र्यापासून काही सेंटिमीटरवर विरळ झालेल्या प्लाझ्मासाठी.

हायड्रोजनची ६५६.२८ ची रेषा मात्र पाहाच. हवेतल्या ओलाव्याचे रेणू ठिणगीत फुटून ती उमटते, तेव्हा जुलैतली मुंबईची हवा एरवी आरशांना बुरशी आणत असली तरी इथे उपयोगी पडते. स्टार्क परिणामाने (आजूबाजूच्या विद्युतभारांच्या क्षेत्रामुळे) आलेली तिची रुंदी इलेक्ट्रॉन घनतेवर अवलंबून असते. घन सेंटिमीटरला १०^१७ इलेक्ट्रॉन असतील तर ती सुमारे एक नॅनोमीटर भरते. उपकरणाची स्वतःची रुंदी आधी वजा करावी. पहिल्या काहीशे नॅनोसेकंदांत अखंड वर्णपटाचा झगझगाट असतो, म्हणून नोंद उशिराने सुरू करावी.

कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत फेम्टोसेकंद लेझरने घडवलेल्या प्लाझ्मावर काम चालते. तिथे दुसरा, क्षीण स्पंद मागाहून पाठवून प्लाझ्मा तपासतात, आणि कमी तरंगलांबीचा प्रकाश अधिक दाट प्लाझ्मात शिरत असल्यामुळे ८०० ऐवजी ४०० नॅनोमीटरचा प्रकाश घेतला तर चौपट घनतेच्या थरापर्यंत पोहोचता येते. तुमच्या ठिणगीला त्याची गरज नाही.

पदव्युत्तर_मुंबई :
दोघांचेही आभार. ड्युटेरियमच्या दिव्याने संवेदनशीलता जुळवून गुणोत्तर काढले. ७० ऐवजी ११ आले. अतिनील रेषा वगळल्या आहेत. ४६५.११ ची रेषा अंधूक का होईना, पण दिसते. उद्या दीडशे स्पंदांची बेरीज करून तिची तीव्रता मोजते.