चार कॅमेरे लावून निर्धास्त गावी जा?

मूळ पोस्ट (इंदिरानगर, नाशिक; पुढे बोलणाऱ्यांची नावंही नाशिकच्या भागांवरून): सुट्टीत गावी निघालात? जिन्यात चार कॅमेरे, दाराला मोठं कुलूप, बस्स. वॉचमनचा पगार वाया.

सातपूरचा फिटर: असले सल्ले वाचून संताप होतो. कुलूप तोडतंय कोण? कोयंड्यात कटावणी घातली की पाऊण इंची स्क्रू लाकडासकट उपटतात, कुलूप तसंच लटकत राहतं. वर बाहेरचं कुलूप म्हणजे घर रिकामं असल्याची पाटीच. मॉर्टिस लॉक, म्हणजे दाराच्या जाडीतच बसणारं कुलूप, बसवा. कोयंडाच हवा तर दारातून आरपार बोल्ट, आतून मोठा वायसर आणि नट.

इंदिरानगर: कॅमेरा दिसला की चोर बिचकतो. पुरावाही मिळतो.

कॉलेज रोड: बारा फूट उंचीवरच्या कॅमेऱ्यात फक्त टोपी दिसते! चेहऱ्यासाठी सात-आठ फूट, येणाऱ्याच्या समोर. दोन मेगापिक्सेलचे चार कॅमेरे सतत चालले तर 1 टीबीची डिस्क साधारण 11-12 दिवसांत भरते आणि जुनं पुसलं जातं. महिनाभर गावी राहिलात तर काय बघणार? आणि डीव्हीआर (ही डिस्क असलेला रेकॉर्डर) मीटरच्या खोलीत उघडा ठेवलात तर चोर तोच उचलतो.

पंचवटी: कड्यांचं कोणीच बोलत नाही. आधी शेजाऱ्यांच्या दारांना बाहेरून कड्या घालतात, मग घर फोडतात. आवाज ऐकूनही कोणी बाहेर येऊ शकत नाही. बाहेरची कडी काढून टाका, आतून ग्रिलला कुलूप घाला.

सिडको: ग्रिलला आतून कुलूप आणि चावी कपाटात? रात्री आग लागली तर धुरात चावी शोधणार? चोरीत दागिने जातात, इथे माणसं जातील!

पंचवटी: मग दार सताड उघडं ठेवायचं का? दिवसाही घरं फुटतात.

सिडको: उघडं ठेवा असं कोण म्हणालं? ग्रिलला आतून नॉब फिरवून उघडणारं लॅच बसवा. बाहेरून हात घालून नॉब फिरवता येऊ नये म्हणून भोवती पत्रा मारून घ्या. खिडकीच्या एका ग्रिलला तरी उघडणारी झडप हवीच.

पंचवटी: पत्र्याचं मान्य. पण जुन्या ग्रिलला वेल्डिंग करावं लागेल, तोवर कुलूप राहणारच.

सिडको: राहू दे, पण चावी ग्रिलजवळ, बाहेरून हात पोचणार नाही अशा खिळ्याला. रोज तिथेच.

इंदिरानगर: बरं, कॅमेरे खाली घेतो, डीव्हीआरला कुलपाची पेटी करतो. वॉचमनबद्दल माझं मत तेच.

सातपूरचा फिटर: कड्या वाजल्या तर पोलिसांना 112 फिरवायला कॅमेरा येणार आहे का?