१९७७ च्या डॅटसन २८०झेडमध्ये टर्बोचं इंजिन आहे, बूस्ट आला की गाडी गचके खाते

फ्रीमाँटकर
नमस्कार मंडळी. मी मूळचा सांगलीचा, आता कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला असतो. दोन वर्षांपूर्वी १९७७ ची २८०झेड घेतली, आधीच्या मालकाने त्यात ८२ च्या २८०झेडएक्स टर्बोचं एल२८ईटी इंजिन टाकलंय, सोबत त्याच गाडीचा पाच गिअरचा बॉक्स, वायरिंग आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पण. जुन्याच माउंटवर इंजिन बसतं त्यामुळे बसवायला तसा त्रास नाही, पण बसवणं वेगळं आणि नीट चालवणं वेगळं हे आता कळतंय.

थंड असताना पटकन स्टार्ट होते. आयडल वरखाली होतं. सावकाश चालवली तर काही तक्रार नाही, पण थर्डला पाय दाबला की ३००० आरपीएमच्या पुढे बूस्टचं (टर्बो दाबून भरतो त्या हवेच्या दाबाचं) गेज ४-५ पीएसआयला पोचतं न पोचतं तोच गचके सुरू आणि मागून फटफट. गरम झाली की सायलेन्सरमधून पेट्रोलचा वास. एका गॅरेजवाल्याने टर्बो गेलाय म्हणून सांगितलं आणि टर्बो, इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा), नवीन ईसीयू असं भलंमोठं एस्टिमेट हातात ठेवलं. मी टर्बोचा शाफ्ट हाताने हलवून बघितला, किंचित हलतो पण पाती कुठे घासत नाहीत, निळा धूर पण नाही. पैसे घालायच्या आधी विचारतोय, सुरुवात कुठून करू?

जुना झेडवाला
दादा टर्बोला हात लावू नका. ४-५ पीएसआय येतंय म्हणजे तो त्याचं काम करतोय, या इंजिनला कंपनीचाच बूस्ट जेमतेम ७ पीएसआय आहे आणि इंटरकूलर तर मुळातच नव्हता. आणि हो, हे सापडेपर्यंत पाय दाबून चालवू नका प्लीज. बूस्टमध्ये पेट्रोल कमी पडलं तर पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही, कॉम्प्रेशन ७.४ म्हणजे कमीच असलं तरी.

तुमचा ईसीयू हवा मोजतो ती एअर फ्लो मीटरच्या झडपेवरून. जेवढी झडप उघडते तेवढंच पेट्रोल. म्हणजे मीटर आणि टर्बोच्या मधल्या रबरी पाइपला चीर असेल तर तिथून न मोजलेली हवा आत जाते आणि मिश्रण लीन होतं (पेट्रोल कमी पडतं), तेच टर्बोच्या पुढे गळत असेल तर मोजलेली हवा बाहेर जाते आणि रिच होतं (पेट्रोल जास्त होतं). दोन्ही उलटे रोग, लक्षणं मात्र सारखीच वाटतात.

पहिली परीक्षा फुकट आहे. इंजिन आयडलला ठेवा आणि ऑइलचं झाकण काढा. इंजिन लगेच अडखळलं, बंद पडायला आलं, तर बाकी सगळं बऱ्यापैकी घट्ट आहे असं समजा. झाकण काढून काहीच फरक पडला नाही तर दुसरीकडे कुठेतरी आधीच हवा शिरतेय. डिपस्टिकचं रबर पण बघा, ते कोणी बदलतच नाही.

मग टर्बोच्या तोंडाकडचा रबरी पाइप मीटरपासून सोडवा, त्याच्या टोकाला पीव्हीसीची टोपी लावून त्यात ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवा, व्हॉल्व्ह कव्हरकडे जाणारी नळी बंद करा आणि पंपाने ५ पीएसआय हवा भरा. जास्त नको, सील उडतील. सगळ्या जॉइंटना साबणाचं पाणी लावा. पंक्चरवाला टबात ट्यूब बुडवून बघतो तसंच, बुडबुडे तुम्हाला जागा दाखवतील.

डेट्रॉइटची मीनल
वरचं सगळं बरोबर आहे, पण पेट्रोलचा वास गरम झाल्यावर येतोय ते मला वेगळं दुखणं वाटतंय. इंजिनाच्या हेडमध्ये जो टेंपरेचर सेन्सर आहे त्याचा कनेक्टर काढून बघा. चाळीस वर्षांचं प्लास्टिक असतं ते, पिना हिरव्या पडलेल्या असतात, रेझिस्टन्स वाढतो आणि ईसीयूला वाटतं इंजिन अजून थंडच आहे, मग तो पेट्रोल ओततच राहतो. सेन्सरचं रीडिंग साधारण २० अंशाला २ ते ३ हजार ओहम आणि ८० अंशाला ३०० च्या आसपास यायला पाहिजे. मोजताना ईसीयूच्या प्लगपाशी मोजा, नुसत्या सेन्सरवर नाही, म्हणजे मधली वायर पण तपासली जाईल.

फ्युएल प्रेशर पण गेज लावून बघा. रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढल्यावर साधारण ३६ पीएसआय, आणि बूस्टमध्ये जेवढा बूस्ट तेवढं वर चढायला पाहिजे, ७ च्या बूस्टला ४३. चढत नसेल तर पंप, फिल्टर किंवा पंपापर्यंत पोचणारा व्होल्टेज. स्पार्क प्लगचा गॅप ०.८ मिमीच्या वर ठेवू नका, बूस्टमध्ये ठिणगी विझते. आणि सगळं एकाच दिवशी बदलू नका हो, एक गोष्ट करायची, चालवून बघायची, लिहून ठेवायची, मग दुसरी.

राजा_ट्यून
एवढं जुनं वायरिंग कशाला सांभाळायचं, सरळ आजकालचा प्रोग्रामेबल ईसीयू टाका, एअर फ्लो मीटरच काढून टाकता येईल. मी माझ्या गाडीत तेच केलं आणि फरक खूप मोठा आहे.

फ्रीमाँटकर
राजा, मनातून मलाही तेच करायचंय, पण इथे १९७५ आणि त्याआधीच्याच गाड्यांना स्मॉग टेस्ट (धुराची सरकारी तपासणी) माफ आहे, माझी ७७ ची. इंजिन बदललं तर ते गाडीइतकं किंवा गाडीपेक्षा नवीन असावं लागतं आणि त्या इंजिनासोबत आलेला ईसीयू, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर सगळं जागेवर लागतं, स्मॉगचा रेफरी (अधिकृत तपासनीस) तपासून स्टिकर लावतो. म्हणून मूळचंच नीट करायचंय.

शनिवारी सकाळी बसलो. झाकण काढलं, काही फरक नाही! झेडवाला दादा, तुमचं वाक्य तसंच्या तसं खरं निघालं. हवा भरली तर टर्बोच्या अलीकडच्या रबरी पाइपला, खालच्या बाजूला घडीमध्ये बोटभर चीर. वरून अजिबात दिसत नाही. मीटर गाडीच्या बॉडीला बसवलेला आणि टर्बो इंजिनावर, त्यामुळे पाय दाबला की इंजिन माउंटवर हलतं आणि चीर उघडते, म्हणूनच सावकाश चालवताना काही होत नव्हतं. आणि मीनलताई, कनेक्टर काढला तर एक पीन हातातच तुटून आली, नुसती हिरवी पूड. ईसीयूच्या प्लगपाशी गरम इंजिनाला १८०० ओहम दाखवत होतं.

आधी फक्त रबरी पाइप नवा टाकला. गचके जवळजवळ गेले आणि आयडल जागच्या जागी थांबलं. दुसऱ्या दिवशी कनेक्टर बदलला, वास गेला. ५००० च्या वर अजून किंचित दम कमी वाटतोय, म्हणून तिथे पाय उचलतोय. फ्युएल प्रेशरचं गेज मागवलंय, बुधवारी येईल, आकडे इथेच टाकतो.

डेट्रॉइटची मीनल
गेज काचेबाहेर वायपरखाली टेपने चिकटवा म्हणजे चालवताना दिसेल. आत केबिनमध्ये पेट्रोलची नळी अजिबात आणू नका. आणि वाचायला शेजारी कोणीतरी बसवा, तुम्ही रस्त्याकडे बघा.