रात्रीचा बायपॅप आणि वडिलांचा दिवस

प्रश्न : सोलापुरात यंत्रमागावर आयुष्य काढलेले माझे वडील सीओपीडी या फुप्फुसांतील श्वासमार्ग अरुंद करणाऱ्या जुनाट आजारामुळे रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो म्हणून रोज रात्री बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारे यंत्र) लावतात. सकाळची डोकेदुखी थांबली, परंतु नाकाच्या हाडावर वळ उठतो, तोंड कोरडे पडते आणि पहाटे ते मास्क काढतात. यंत्राचा उपयोग होतो आहे, हे ओळखावे कसे?

उत्तर : वळ बहुधा पट्टे फार आवळल्याने उठतो; मास्कचे माप तपासून घ्या. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात ह्युमिडिफायर (यंत्रातली हवा ओलसर करणारा भाग) हवाच.

दुसरे उत्तर : उपयोग होतो का, हे रोजच्या जगण्यातून ओळखा. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एसआरआय’ या, श्वसन फार अपुरे पडणाऱ्या रुग्णांचे जीवनमान मोजणाऱ्या ४९ प्रश्नांच्या प्रश्नावलीत श्वासाबरोबरच झोप, चिंता आणि लोकांत मिसळणे यांचाही विचार आहे. मला तर शेवटचेच महत्त्वाचे वाटते. वडील संध्याकाळी कट्ट्यावर जातात का?

प्रश्नकर्ता : परवा गेले होते, वाटेत न थांबता.