नाटुकल्यातलं बंटीचं वाक्य: सोसायटी ग्रुपवरील चर्चा

वैशाली (ए-४०२): नमस्कार मंडळी. गणपतीतल्या नाटुकल्याची संहिता काल ग्रुपवर टाकली आहे. विषय पाणीकपात. कुणाला काही सुचवायचं असेल तर आजच सांगा, उद्यापासून साडेआठला क्लबहाऊसमध्ये तालीम.

निखिल (डी-६०१): वैशालीताई, संहिता झकास जमली आहे. टँकरवाल्याचा प्रवेश तर धमालच. फक्त बंटीबद्दल बोलायचंय. तो इंटिरिअर डेकोरेटर हात झटकत येतो, मागे ढोलकीचा ठेका, आणि वॉचमन म्हणतो, "आला बघा बायल्या!" पुढच्या पानावर "छक्का" आहे. हे दोन्ही काढूया.

वैशाली (ए-४०२): अरे, पण हशा तिथेच येतो ना. बंटी वाईट माणूस थोडाच दाखवलाय?

सतीश (बी-१०३): आजकाल कुठल्याही शब्दानं कुणीतरी दुखावतंच. आमच्या चाळीत हे शब्द सर्रास चालायचे. कुणी कोर्टात गेल्याचं ऐकलं नाही.

मेघना (ए-१०४): काका, वकील म्हणून सांगते, जाणार कुठे? १८६० च्या भारतीय दंड संहितेतलं ३७७ कलम समलिंगी माणसालाच गुन्हेगार ठरवत होतं. दोन सज्ञान माणसांचे समलिंगी संबंध, दोघांची राजीखुशी, तरी गुन्हा. शिवी दिली म्हणून तक्रार करायला गेला असता तर आधी त्याचीच चौकशी झाली असती. दिल्ली उच्च न्यायालयानं २००९ मध्ये दिलासा दिला, तो सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये काढून घेतला. त्या निकालात असंही म्हटलं होतं की ही माणसं लोकसंख्येचा अगदी नगण्य हिस्सा आहेत. जणू संख्या कमी असली की हक्कही कमी. शेवटी ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींनी एकमतानं हा भाग रद्द केला. न्या. इंदू मल्होत्रांनी तर लिहिलं की इतिहासानं या लोकांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची माफी मागायला हवी.

मेघना (ए-१०४): आणि ३७७ ची भाषा आपल्या वर्तमानपत्रांत कशी उतरली ते बघा. कलमात "निसर्गक्रमाविरुद्ध" असे शब्द होते, त्यावरून मराठीत "अनैसर्गिक कृत्य" रूढ झालं. २०१२ मध्ये पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा, येईपर्यंत लहान मुलग्यांवरच्या अत्याचाराचे गुन्हेही याच कलमाखाली नोंदवले जायचे. म्हणजे एका लहानग्यावर अत्याचार झाला तरी बातमीत "अनैसर्गिक कृत्य", आणि दोन मोठी माणसं आपल्या मर्जीनं एकत्र राहिली तरी तोच शब्द. वर्षानुवर्षं हे वाचून लोकांच्या डोक्यात दोन्ही एकच होऊन बसलं. माझ्या मते मराठीत सगळ्यात जास्त नुकसान या शब्दानं केलंय, शिव्यांपेक्षाही. कारण तो शिवी वाटत नाही, बातमी वाटतो.

सतीश (बी-१०३): हे माहीत नव्हतं. पण मग म्हणायचं तरी काय? आम्ही कॉलेजात "होमो" म्हणायचो. होमोसेक्शुअल तर शास्त्रीय शब्द आहे, त्यात वावगं काय?

शुभदा (सी-७०२): सतीशभावजी, शब्द जन्मला तेव्हा खरंच वावगं काही नव्हतं. कार्ल मारिया केर्टबेनी नावाच्या लेखकानं १८६९ मध्ये तो जर्मन पत्रकांत वापरला, आणि तोही प्रशियातल्या अशाच एका कायद्याला विरोध करताना. पुढे १८८६ मध्ये क्राफ्ट-एबिंग या मानसोपचारतज्ज्ञाच्या वैद्यकीय ग्रंथात तो विकृतींच्या वर्णनात गेला आणि डॉक्टरांचा होऊन बसला. मग आलंच सगळं, "उपचार" म्हणून विजेचे झटके, औषधं, घरच्यांनी धरून दवाखान्यात नेणं. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं डिसेंबर १९७३ मध्ये समलिंगी असणं आजारांच्या यादीतून काढलं, जागतिक आरोग्य संघटनेनं १७ मे १९९० ला. आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये सांगितलं की "बदलून देतो" असे उपचार करणं हे डॉक्टरचं गैरवर्तन आहे. इतकं सगळं ज्या शब्दाबरोबर आलं, तो अंगावर आला की माणूस आक्रसतो. "होमो" तर कॉलेजात टोमणा म्हणूनच वापरला जातो. साधं "गे" म्हणा, "लेस्बियन" म्हणा, मराठीत "समलिंगी" म्हणा. "लैंगिक आवड" म्हणू नका, "लैंगिक कल" म्हणा. आवड म्हटलं की लोक लगेच ती बदलायला सांगतात.

रोहन (डी-६०१): पण शुभदामावशी, ते लोक स्वतःच क्विअर म्हणवतात की. ती पण इंग्रजीत शिवीच होती ना? मुंबईच्या प्राइड मोर्चाच्या नावातच आहे तो शब्द.





शुभदा (सी-७०२): रोहन, प्रश्न नेमका आहे. आजी लाडात येऊन नातवाला "मुडद्या, जेव की" म्हणते. तेच रस्त्यात परक्यानं म्हटलं तर आपण बाह्या सावरतो. ठाण्याच्या तृतीयपंथी कार्यकर्त्या लक्ष्मी त्रिपाठींनी आत्मचरित्राच्या नावातच "हिजडा" शब्द घेतला. तो त्यांचा, त्यांच्या समाजाचा, त्या घराण्यांचा, गुरू-चेल्यांचा. त्यांनी तो मान वर करून सांगितला म्हणून तुम्हाआम्हाला कुणाच्या अंगावर फेकायचा परवाना मिळत नाही.

मेघना (ए-१०४): शिवाय तो शब्द लिंगओळखीचा आहे, कुणावर प्रेम जडतं याचा नाही. गे मुलाला "छक्का" किंवा "हिजडा" म्हणणारा माणूस दोघांचाही अपमान एकाच दमात करतो. गे मुलाला म्हणतो तू पुरुष नाहीस, आणि तृतीयपंथी माणसाला म्हणतो तुझं असणं हीच शिवी. "बायल्या"त तर तिसराही अपमान आहे, समस्त बायकांचा. बाईसारखं असणं यात हसण्यासारखं काय आहे, वैशालीताई?

वैशाली (ए-४०२): हा मुद्दा मला लागला. खरंच.

सतीश (बी-१०३): तरी मला वाटतं, हेतू बघावा. वाईट हेतू नसताना शब्दाचं एवढं काय?

शुभदा (सी-७०२): भावजी, मी शाळेत समुपदेशक होते. आठवी-नववीतली मुलं यायची. "वर्गात तुला काय म्हणतात?" असं विचारलं की मुलगा तो शब्द तोंडातून काढायचाच नाही. माझं पेन घ्यायचा, वहीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहायचा आणि मी वाचायच्या आत तळहातानं झाकायचा. त्यातल्या कित्येकांना आपण कोण आहोत हे अजून कळलंही नव्हतं. आवाज बारीक, क्रिकेटमध्ये रस नाही, बहिणीबरोबर रांगोळी काढतो, एवढं पुरायचं. चिडवणाऱ्यांचा हेतू विचारला तर तेही म्हणायचे, "मॅडम, गंमत केली." ही गंमत ती मुलं शिकतात कुठे? आपल्या मांडवात पहिल्या रांगेत सतरंजीवर मुलंच बसतात. त्यांच्यात कुणी तसा असेल तर तो बाकीच्यांबरोबर हसेल, कारण हसला नाही तर त्याच्याकडे बघतील. तो कोण, हे आपल्याला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही.

मेघना (ए-१०४): काका, एक गोष्ट तुम्हाला आवडेल. मदुराईच्या दोन मुली घरच्यांच्या भीतीनं चेन्नईला पळून आल्या, प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेलं. न्या. आनंद व्यंकटेश यांनी मोकळेपणानं सांगितलं की या विषयाची मला पुरेशी समज नाही, आणि २०२१ मध्ये निकालाआधी ते स्वतः मानसतज्ज्ञांकडे जाऊन बसले. त्याच खटल्यातून पुढे तमिळनाडू सरकारनं २०२२ मध्ये तमिळमधले सन्मानाचे शब्द राजपत्रात छापले. मराठीत सरकारनं असं करावं असं मला मनापासून वाटतं. पण आपल्या नाटुकल्याला राजपत्राची वाट बघायची गरज नाही.

सतीश (बी-१०३): न्यायमूर्ती स्वतः शिकायला गेले? मोठा माणूस. सगळंच पटलं असं म्हणत नाही, पण मुलांसमोर नको हे मान्य.

निखिल (डी-६०१): बंटी हवाच, ताई. छान पात्र आहे. हात झटकत येऊ नये आणि त्याच्या चालीवर विनोद नको, इतकंच. तो पाण्यावरून हसवू शकतो. सगळी सोसायटी बादल्या घेऊन पळतेय आणि हा गच्चीवर कारंजं बसवायचा नकाशा घेऊन आलाय.

वैशाली (ए-४०२): हे भारी आहे! वॉचमन म्हणेल, "बंटीसाहेब, कारंज्यात पाणी तुम्ही आणणार की मी?" दोन्ही शब्द काढले. नवी प्रत रात्री टाकते.

सतीश (बी-१०३): ढोलकी मात्र ठेवा. मी आठवडाभर हात बसवतोय.

वैशाली (ए-४०२): ठेवते काका, टँकरच्या एंट्रीला. साडेआठ म्हणजे साडेआठ, सगळ्यांनी.