.४४ रिव्हॉल्व्हर आणि .४५ ठासणीची रायफल, एकच बॉल चालेल का?

ओहायोकर:
नमस्कार मंडळी, इकडे ब्लॅक पावडरचा, म्हणजे जुन्या पद्धतीच्या काळ्या दारूच्या बंदुकांचा, नाद लागलाय. माझ्याकडे १८६० च्या कोल्ट आर्मीची इटालियन रेप्लिका आहे, .४४ ची (हे आकडे इंचात), तिच्यात .४५१ चा शिशाचा गोल बॉल घालतो. आता एक ठासणीची रायफल मिळतेय .४५ ची. म्हटलं .४४ न .४५ मध्ये फरक तो किती, एकाच साच्यात बॉल ओतून दोन्हीकडे वापरले तर साच्याचा खर्च वाचेल. कुणी करतं का असं?

शिसेवाला:
नको रे बाबा. रिव्हॉल्व्हरमध्ये बॉल चेंबरपेक्षा, म्हणजे फिरत्या सिलेंडरमधल्या भोकापेक्षा, मुद्दाम मोठा असतो, लिव्हरने दाबला की कडेने शिशाची बारीक रिंग सोलून निघते आणि तो घट्ट बसतो. ठासणीच्या रायफलीत उलटं, बॉल नळीपेक्षा लहान आणि भोवती तेलकट कापडाचा पॅच, .४५ ला साधारण .४४० नाहीतर .४४५ लागतो. तुझा .४५१ त्यात पॅचसकट घालायचा तर गजावर हातोडीच मारावी लागेल, आणि अर्ध्यात अडकला की दारू आणि बॉलमध्ये पोकळी राहते, तसाच बार काढलास तर नळी फुगेल नाहीतर फुटेल. उलट .४४० रिव्हॉल्व्हरमध्ये सैल पडतो, एक बार उडाला की धक्क्याने बाकीचे बॉल पुढे सरकून सिलेंडर जाम, शिवाय शेजारच्या चेंबरला आग लागायची भीती ती वेगळीच.
आणि नावातल्या आकड्यावर तर अजिबात जाऊ नकोस, .३६ ची नेव्ही रिव्हॉल्व्हर .३७५ चा बॉल खाते आणि .३६ ची ठासणीची रायफल .३५० चा!

दारूगोळा_काका:
बॉल सोडून बाकीचं शेअर होतं की. शुद्ध मऊ शिसं दोन्हीकडे तेच. तीन एफ (बारीक दाण्याची) दारू रिव्हॉल्व्हरला लागतेच आणि .४५ रायफलीतही लोक सर्रास वापरतात, एकच डबा पुरेल, फक्त माप वेगळं, ज्याचं त्याचं मॅन्युअल बघून घे. कॅप (दारू पेटवणारी छोटी टोपी) ११ नंबरची दोन्हीकडे बसू शकते, पण निपल (कॅप बसते ती नळी) बघ, काही रेप्लिकांना १० च घट्ट बसते. आणि स्मोकलेस पावडर (आधुनिक बिनधुराची दारू) यातल्या कशातच घालायची नाही, चमचाभरसुद्धा नाही.

पानिपतचा_पाहुणा:
ओहायोत राहतोस आणि २१ वी ओहायो पलटण माहीत नाही? २० सप्टेंबर १८६३, अमेरिकन यादवी युद्धातली चिकामॉगाची लढाई. त्यांच्याकडे कोल्टच्या .५६ च्या रिव्हॉल्व्हिंग रायफली होत्या, पाच बारांच्या. मारा जबरदस्त, पण गोळ्या संपल्या आणि आजूबाजूला मिळाल्या त्या एनफिल्ड रायफलीच्या .५७७ च्या. बसतायत असं वाटून घातल्या, काही नळीत अडकल्या आणि नळ्यांची तोंडं उडाली. तुझा प्रश्न त्यांनी रणांगणात सोडवून ठेवलाय, उत्तर वाईट आलं 😅

दापोलीकर:
आमच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या ठासणीच्या बंदुका असायच्या, आतून गुळगुळीत नळी, त्यात छर्रे भरा की काम झालं, हा पॅच न नळीतल्या खाचांचा प्रकार आजच कळला. तुमचं अमेरिकेत मजेशीर आहे, इथे परवान्याशिवाय हात लावायची सोय नाही.

ओहायोकर:
बरं झालं विचारलं, .४४० चा वेगळा साचा घेतो. पण एकच बॉल दोन्हीकडे चालावा अशी हौस असेल तर काहीच नाही का?

शिसेवाला:
आहे ना, १८५८ रेमिंग्टनची रिव्हॉल्व्हिंग कार्बाइन, उबर्टी ही इटालियन कंपनी बनवते, .४४ चीच. रेमिंग्टन रिव्हॉल्व्हरचा .४५४ चा बॉल तिलाही चालतो, तुझ्या कोल्टमध्येही बसतो, फक्त दाबायला जरा जोर लागतो. डावा हात मात्र सिलेंडरच्या पुढे धरायचा नाही, तिथून गरम वायू आणि शिशाचे तुकडे बाजूला उडतात, ट्रिगर गार्डपाशी धर. आणि किंमत विचारशील तर दुसरा साचा फारच स्वस्त पडतो.